वैतागाच्या फटीतून

जुलै २०२०. कोविडमुळे ट्विटरची माणसं मार्चपासून घरून काम करत होती. त्या महिन्याच्या मध्यावर त्यांच्यापैकी काही जणांना फोन आले. आपण कंपनीच्या आयटी हेल्पडेस्कमधून बोलतोय आणि तुमची व्हीपीएनची अडचण सोडवायला फोन केलाय, असं पलीकडचा माणूस सांगत होता. व्हीपीएन म्हणजे घरच्या इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये नेणारा बंदिस्त बोगदा. सगळी कंपनी एकदम त्या बोगद्यातून ये-जा करू लागल्यावर तो वारंवार तुंबत होता, त्याच्या तक्रारी नित्याच्या झाल्या होत्या. त्यामुळे असा फोन आल्यावर संशय येण्याऐवजी कुणाला हायसंच वाटलं असेल, तर त्यात नवल नाही.

फोनवरच्या माणसाने एक पत्ता दिला. उघडलेलं पान हुबेहूब कंपनीच्या लॉगिनसारखं दिसत होतं. कर्मचारी तिथे नाव आणि पासवर्ड टाकत होता आणि चोर त्याच वेळी तीच माहिती खऱ्या पानावर भरत होता. खऱ्या यंत्रणेने नेहमीप्रमाणे कर्मचाऱ्याकडे खातरजमेची सूचना पाठवली आणि काहींनी ती मंजूर केली. १५ जुलैला बराक ओबामा, ज्यो बायडन, बिल गेट्स, जेफ बेझोस, इलॉन मस्क यांच्या आणि ॲपल कंपनीच्या खात्यांवरून एकाच धाटणीचा मजकूर झळकू लागला: बिटकॉइन पाठवा, दुप्पट परत देऊ. चोरांनी १३० खात्यांवर हात टाकला, ४५ खात्यांवरून ट्वीट केले आणि सुमारे १ लाख १८ हजार डॉलर लुबाडले. काही तास तर निळी खूण असलेल्या खात्यांना ट्वीट करणंच ट्विटरने बंद ठेवलं. या सगळ्यामागचा मुख्य आरोपी फ्लोरिडातला सतरा वर्षांचा मुलगा निघाला.

न्यूयॉर्क राज्याच्या वित्तीय सेवा विभागाने या प्रकरणाची चौकशी केली. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेला त्यांचा अहवाल ज्याने-त्याने वाचावा असा आहे. चोरांनी कुठलंही खास सॉफ्टवेअर वापरलं नव्हतं, कुठल्याही प्रोग्रॅममधली छुपी त्रुटी शोधली नव्हती. त्यांनी फोन केले. ज्या अंतर्गत साधनांनी कुणाचंही खातं उघडता येत होतं, ती एक हजाराहून जास्त कर्मचाऱ्यांच्या हाती होती. कंपनीत माहिती सुरक्षेचा प्रमुख डिसेंबर २०१९ पासून नव्हताच. आणि हा फोन खरा वाटला, कारण व्हीपीएनचा त्रास खरा होता.

माझं सगळं म्हणणं या शेवटच्या मुद्द्यात आहे. कर्मचाऱ्यांचा आयटीवरचा वैताग आपण चहाच्या टपरीवरचा विषय समजतो. कॉम्प्युटर स्लो आहे, ॲक्सेस मिळत नाही, पासवर्ड पुन्हा संपला, तिकीट टाकून आठवडा झाला. वरच्या मजल्यावर या गोष्टी कुरकूर म्हणून ऐकल्या जातात. पण जिथे नियम आणि काम एकमेकांशी जुळत नाहीत, नेमकी ती जागा ही कुरकूर दाखवत असते. आणि चोर शिरतो तो तिथूनच.

मी हिंजवडीतल्या एका कंपनीत नऊ वर्षं काम केलं. आमचा मजला परदेशी क्लायंटसाठी राखलेला, म्हणजे ओडीसी. दाराला वेगळं स्वाइप, मोबाइल बाहेरच्या लॉकरमध्ये, आत कागद-पेन न्यायला मनाई, यूएसबीची भोकं बंद. लॅपटॉप कंपनीचा, त्यातून क्लायंटच्या मशीनवर जायचं. दोन्हींचे पासवर्ड वेगळे आणि त्यांच्या मुदतीही वेगळ्या. नव्या प्रोजेक्टवर गेले तेव्हा मला ॲक्सेस मिळायला सतरा दिवस लागले. माझी रिक्वेस्ट आमच्या मॅनेजरकडून क्लायंटच्या मॅनेजरकडे गेली, ते सुट्टीवर होते, मग ती मुदत संपून आपोआप रद्द झाली आणि पुन्हा पहिल्यापासून. इकडे टाइमशीटमध्ये रोजचे आठ तास भरायचेच होते, कारण क्लायंटला बिल पहिल्या दिवसापासून लागलं होतं. शेवटी टीममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला त्याचं लॉगिन दिलं. पासवर्ड दुसऱ्याला सांगणं हा नोकरी जाण्याइतका मोठा गुन्हा आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आमच्या मॅनेजरलाही माहीत होतं. सकाळच्या मीटिंगमध्ये कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

त्या सहकाऱ्याला बेफिकीर म्हणायला माझी जीभ आजही रेटत नाही. त्याने ते काम वेळेत व्हावं म्हणून केलं. ज्या व्यवस्थेने त्याच्यासमोर नियम किंवा काम यांतलं एकच निवडायची वेळ आणली, तिला कुणी जाब विचारला नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अँजेला सास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. १९९९ मध्ये ॲन ॲडम्स आणि सास यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. वापरणारा माणूस हा शत्रू नाही, हेच त्याचं शीर्षक आणि हेच त्याचं सार. कर्मचारी पासवर्ड लिहून ठेवतात, सोपे ठेवतात, एकमेकांना सांगतात, हे सुरक्षा विभागाला दिसत होतं आणि त्यावरून त्यांनी माणसंच निष्काळजी असा निष्कर्ष काढला होता. ॲडम्स आणि सास यांनी त्याच माणसांशी बोलून पाहिलं, तर चित्र निराळं निघालं. जितके पासवर्ड जास्त आणि बदलण्याची सक्ती कडक, तितका पाळणाऱ्याचा धीर लवकर सुटत होता. शिवाय नेमका धोका काय, कुठली माहिती किती नाजूक, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सुरक्षा विभाग माहिती दडवत होता आणि कर्मचारी अंदाजाने वागत होते.

पुढे २००८ मध्ये ॲडम बोटमेंट, सास आणि माइक वॉनहॅम यांनी याला एक नाव दिलं. मराठीत त्याला नियम पाळण्याचं अंदाजपत्रक म्हणता येईल. प्रत्येक कर्मचाऱ्याजवळ कंपनीच्या नियमांसाठी ठरावीक वेळ, लक्ष आणि सहनशक्ती असते. ती असेपर्यंत माणूस निमूटपणे वागतो. पासवर्ड बदलतो, चौकटींवर टिक करतो, वार्षिक प्रशिक्षणाच्या चित्रफिती पाहतो. ती संपली की मात्र तो पळवाट शोधतो, मग समोरचा नियम महत्त्वाचा असो वा क्षुल्लक. ही सहनशक्ती सगळ्या नियमांसाठी मिळून एकच असते. एखादा निरुपयोगी नियम लावला तर तो नुसता निरुपयोगी राहत नाही, उपयोगी नियमाच्या वाट्याचं लक्ष तो खाऊन टाकतो. खर्च करणाऱ्या विभागाला मात्र हा खर्च कधी दिसत नाही, कारण तो त्यांच्या खात्यातून जात नाही.

पासवर्डची गोष्ट या बाबतीत फार शिकवण्यासारखी आहे.

२००३ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेत काम करणाऱ्या बिल बर यांनी एका मार्गदर्शिकेची पुरवणी लिहिली. मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा, चिन्ह, आणि ठरावीक काळाने बदल हा जो साचा आपण जगभर पाहिला, तो मुख्यतः तिथून पसरला. सरकारी खात्यांनी तो घेतला, ऑडिटवाल्यांनी त्यांच्या तक्त्यांत घातला, बँकांनी आणि कंपन्यांनी ऑडिटसाठी स्वीकारला. क्लायंटच्या करारातून तो पुणे, बंगळुरू, हैदराबादपर्यंत आला. वापरणारी माणसं वर्षानुवर्षं ओरडत होती की हे लक्षात राहत नाही. २०१७ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, बर यांनी वॉल स्ट्रीट जर्नलला दिलेल्या मुलाखतीत आपल्या त्या सल्ल्यातल्या बऱ्याच भागाचा पस्तावा होतो, असं मोकळेपणाने सांगितलं. खऱ्या पासवर्डांची आकडेवारी त्या वेळी त्यांच्या हाती नव्हती, आणि ज्या कागदपत्रांवर विसंबले ती १९८० च्या दशकातली होती. एवढ्या मोठ्या प्रमाणावर रुजलेली स्वतःची चूक उघड मान्य करणारी माणसं थोडी असतात. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो.

सक्तीने पासवर्ड बदलून काय होतं, याचं उत्तर तोवर मिळालेलं होतं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या यिनचियान झांग, फेबियन मॉनरोझ आणि मायकेल रायटर यांनी २०१० मध्ये विद्यापीठातल्या जुन्या खात्यांचे पासवर्ड तपासले. ही खाती अशी होती की त्यांचा पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलावा लागत असे. एखाद्याचा जुना पासवर्ड कळला, तर त्यावरून नवा ओळखता येतो का, हे त्यांना पाहायचं होतं. ४१ टक्के खात्यांच्या बाबतीत संगणकाला त्यासाठी तीन सेकंदही लागले नाहीत. १७ टक्के खात्यांचा नवा पासवर्ड पाचपेक्षा कमी प्रयत्नांत ओळखता आला. माणसं शेवटचा आकडा एकाने वाढवत होती, एका चिन्हाच्या जागी दुसरं टाकत होती, चिन्ह पुढचं मागे नेत होती. वाचकांपैकी कुणी नव्वद दिवसांच्या मुदतीखाली काम केलं असेल, तर त्यांना या पद्धती समजावून सांगायची गरज नाही. म्हणजे चोराला अडवायला केलेला नियम चोराला फारसा अडवत नव्हता, आणि लाखो माणसांची सोमवार सकाळ मात्र खात होता.

एनआयएसटीने २०१७ मध्येच हा सल्ला मागे घेतला. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तरच बदलायला लावा, एरवी नको, असं नवं मार्गदर्शन आलं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विंडोजच्या शिफारशींतून मुदतीची अट काढून टाकली. एनआयएसटीच्या २०२५ च्या आवृत्तीत तर ठरावीक काळाने बदलायला लावूच नये, अशी थेट मनाई आहे. लांबी महत्त्वाची, चार-पाच साध्या शब्दांची ओळ चालेल, आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत तो नाही एवढं यंत्राने तपासावं. तरीही आजही कितीतरी ऑफिसांत पडद्याच्या कोपऱ्यात ती पिवळी पट्टी येते: तुमचा पासवर्ड सात दिवसांत संपतोय. विचारलं तर उत्तर मिळतं, ऑडिटला लागतं. ऑडिटर म्हणतो, क्लायंटच्या करारात आहे. क्लायंटच्या करारात ते कुणीतरी जुन्या करारातून उतरवलेलं असतं. नियम घालायला एक माणूस पुरतो, काढायला मात्र कुणाचीच सही मिळत नाही.

सुरक्षा माणसाला झेपली पाहिजे, हे काही आजचं शहाणपण नाही. १८८३ मध्ये पॅरिसमध्ये भाषा शिकवणारे ऑगस्ट केर्कहोफ्स यांनी लष्करी सांकेतिक लिपीबद्दल सहा अटी लिहिल्या. त्यांतली सहावी अशी की पद्धत वापरायला सोपी हवी, तिने डोक्याला ताण देऊ नये आणि नियमांची लांबलचक यादी पाठ करायला लावू नये. त्यांच्या डोळ्यांसमोर रणांगणावरचा सैनिक होता. दमलेला, घाईतला, चुका करणारा. १९७५ मध्ये जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणक सुरक्षेची तत्त्वं मांडली, तेव्हा त्यातही हा मुद्दा होता: संरक्षणाची व्यवस्था माणसाच्या मनाला पटणारी आणि हाताला सहज वळणारी असावी. हा निबंध संगणकशास्त्रात अजून शिकवला जातो. त्यातली बाकीची तत्त्वं यंत्रांत उतरली. हे एक मागे राहिलं, असं मला वाटतं.

पासवर्ड पुरेसे नाहीत म्हणून दुसरी पायरी आली. मोबाइलवर सूचना येते, आपण मान्य करतो. कल्पना चांगली. पण माणसाला दिवसातून अनेकदा 'मान्य' दाबायची सवय लावली, की बोट विचार न करता चालतं. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या बाबतीत हेच घडलं. त्याचा पासवर्ड आधीच चोरांच्या हाती गेला होता. चोराने पुन्हा पुन्हा लॉगिन करायचा प्रयत्न केला आणि दर वेळी त्या माणसाच्या मोबाइलवर मंजुरीची विचारणा येत राहिली. हल्लेखोराच्या म्हणण्याप्रमाणे, नंतर त्याने व्हॉट्सॲपवर आयटी विभागाच्या नावाने मेसेज केला की हे थांबवायचं असेल तर एकदा मान्य करा. शेवटी त्या माणसाने एक विनंती मान्य केली आणि चोर कंपनीत शिरला. ट्विटरमध्ये फोन होता, इथे मेसेज. दोन्हीकडे चोराने मुखवटा घातला तो आयटीचाच. त्रास देणारं आयटी आणि त्रासातून सोडवणारंही आयटीच, ही सवय कर्मचाऱ्यांना आधीच लागलेली असते.

आता कंपन्यांच्या त्या प्रिय उपायाकडे येऊ: खोटे फिशिंग ईमेल. आपल्याच माणसांना फसवे मेल पाठवायचे, क्लिक करणाऱ्याला पकडायचं आणि प्रशिक्षणाला बसवायचं. डिसेंबर २०२० मध्ये गोडॅडी या वेबसाइटची नावं विकणाऱ्या कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना मेल पाठवला: सुट्टीनिमित्त ६५० डॉलर बोनस, त्यासाठी माहिती भरा. कोविडचं वर्ष, अनेक घरांत पैशाची ओढाताण. सुमारे पाचशे जणांनी क्लिक केलं. दोन दिवसांनी त्यांना कळवण्यात आलं की तुम्ही चाचणीत नापास झालात, प्रशिक्षण पुन्हा घ्या. बोनस नव्हताच. बाहेर संताप उसळल्यावर कंपनीने माफी मागितली.

खरे चोरही बोनसचं आमिष दाखवतात, मग चाचणीत का नको, असा या प्रकाराचा बचाव केला जातो. तो मला मान्य नाही. चोराशी माणसाचा विश्वासाचा करार नसतो, कंपनीशी असतो. ज्या विभागाने आपल्याला पैशाची आशा लावून पकडलं, त्याच विभागाला उद्या खरोखर चुकीची लिंक दाबली गेल्यावर माणूस आपणहून फोन करील का? तो गप्प बसेल. आणि हल्ला झाल्यावरचे पहिले काही तास गप्प बसण्याचे नसतात. शिवाय अशा प्रशिक्षणाचा उपयोगही तोकडा निघाला आहे. सॅन डिएगोच्या विद्यापीठ रुग्णालयात साडेएकोणीस हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांवर आठ महिने प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये मांडले गेले: प्रशिक्षण मिळालेले आणि न मिळालेले यांच्या फसण्याच्या प्रमाणात फरक होता अवघा १.७ टक्के.

इथवर मी ज्यांना नियमांचा त्रास होतो त्यांच्याबद्दल बोलले. तंत्रज्ञान कंपन्यांत आणखी एक वैताग असतो आणि तो जास्त खोल असतो. ज्याला धोका स्पष्ट दिसतो, जो तो सांगतो आणि ज्याचं ऐकलं जात नाही, त्याचा.

ट्विटरने २०२० च्या त्या नामुष्कीनंतर पीटर झॅटको यांना आणलं. मज या टोपणनावाने ओळखले जाणारे झॅटको म्हणजे अमेरिकेतल्या जुन्याजाणत्या हॅकरांपैकी एक. जानेवारी २०२२ मध्ये कंपनीने त्यांना काढलं. त्याच वर्षी त्यांनी सरकारी यंत्रणांकडे लेखी तक्रार केली आणि १३ सप्टेंबरला अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर साक्ष दिली. त्यांच्या आरोपांप्रमाणे निम्म्या कर्मचाऱ्यांना चालू यंत्रणेत थेट प्रवेश होता आणि सुमारे तीस टक्के लॅपटॉपवर सुरक्षेचे अपडेट बंद केलेले होते. ट्विटरने हे आरोप चुकीचे आणि एकांगी असल्याचं म्हटलं. त्या वादात न पडताही झॅटको यांच्या मांडणीतली एक गोष्ट कामाच्या रीतीवर प्रकाश टाकते. त्यांच्या मते, इंजिनिअर चालू यंत्रणेवर थेट काम करत होते, कारण चाचणीसाठी वेगळी, धड व्यवस्थाच कंपनीने उभी केली नव्हती. म्हणजे ही बेशिस्त कुणा एका इंजिनिअरच्या स्वभावातून आली नव्हती. सरावाला मैदान दिलं नाही, तर मुलं रस्त्यावरच खेळणार.

मायक्रोसॉफ्टचं उदाहरण तर सरकारी अहवालात नोंदलं गेलं आहे. २०२३ मध्ये चीनशी संबंधित हल्लेखोरांनी मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही करणारी एक किल्ली मिळवली आणि अमेरिकी मंत्र्यांचे, अधिकाऱ्यांचे मेल वाचले. या प्रकरणाचा तपास अमेरिकेच्या सायबर सुरक्षा आढावा मंडळाने केला. २ एप्रिल २०२४ ला आलेल्या अहवालात त्यांनी एखाद्या सर्व्हरला किंवा कोडच्या ओळीला दोष दिला नाही. कंपनीची सुरक्षेविषयीची संस्कृतीच अपुरी असून ती मुळापासून बदलायला हवी, असं त्यांनी लिहिलं. काही आठवड्यांनी प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता संस्थेने अँड्र्यू हॅरिस या मायक्रोसॉफ्टच्या माजी कर्मचाऱ्याची हकिगत छापली. हॅरिस यांचं सांगणं असं की लॉगिनच्या एका व्यवस्थेतली गंभीर कमजोरी आपण वर्षानुवर्षं वरिष्ठांना सांगत होतो, पण मोठं सरकारी कंत्राट हातचं जाईल या भीतीपोटी तिकडे काणाडोळा झाला. पुढे सोलरविंड्स या कंपनीच्या सॉफ्टवेअरमार्गे झालेल्या हल्ल्यात रशियन हल्लेखोरांनी तीच कमजोरी वापरली. मंडळाच्या अहवालानंतर मायक्रोसॉफ्टने वरिष्ठांच्या पगाराचा काही भाग सुरक्षेच्या उद्दिष्टांशी जोडला आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या मूल्यमापनात सुरक्षा हा मुद्दा घातला. हे योग्यच झालं. ज्या कामाचं अप्रेझलमध्ये नाव नाही, ते काम रिलीजच्या आदल्या रात्री सगळ्यात आधी गळतं, हे आयटीत काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

मग नीट जमलेलं कुठे आहे? दोन ठिकाणं मला माहीत आहेत.

गूगलवर २००९ मध्ये मोठा हल्ला झाला, त्याची कबुली कंपनीने जानेवारी २०१० मध्ये दिली. त्यानंतर त्यांनी बोगद्याचा नादच हळूहळू सोडला. ऑफिसच्या आतलं ते सगळं विश्वासाचं आणि बाहेरचं सगळं धोक्याचं ही कल्पनाच त्यांनी टाकून दिली. प्रत्येक वेळी माणूस कोण आणि मशीन कोणतं हे तपासायचं. मग तो घरी बसलेला असो की ऑफिसात, व्हीपीएनची गरज नाही. कर्मचाऱ्यांची रोजची एक कटकट गेली आणि सुरक्षाही वाढली. मग त्यांनी सगळ्यांच्या हातात एक छोटी किल्ली दिली. लॅपटॉपला लावायची, बोटाने स्पर्श करायचा. या किल्लीची खुबी अशी की ती वेबसाइटचा पत्ता स्वतः ओळखते. पान कितीही हुबेहूब असलं तरी पत्ता खोटा असेल तर ती सहीच करत नाही. माणूस फसला तरी किल्ली फसत नाही. २०१८ मध्ये गूगलने सांगितलं की २०१७ च्या सुरुवातीला ही सक्ती केल्यापासून पंच्याऐंशी हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांपैकी एकाचंही कामाचं खातं फिशिंगने गेलेलं नाही. ही सक्तीसुद्धा नियमच होता. पण त्या नियमाने माणसाचं एक काम कमी केलं, वाढवलं नाही.

दुसरं ठिकाण क्लाउडफ्लेअर ही इंटरनेट-सेवा कंपनी. २० जुलै २०२२ ला त्यांच्या किमान ७६ कर्मचाऱ्यांना, काहींच्या घरच्यांनाही, खोट्या लॉगिनच्या लिंकचे मेसेज आले. तीन कर्मचाऱ्यांनी पासवर्ड टाकले. त्याच सुमारास तशाच हल्ल्यात ट्विलिओ ही कंपनी गाठली गेली. क्लाउडफ्लेअर वाचली, कारण तिथेही त्या किल्ल्या होत्या आणि नुसत्या पासवर्डचा चोराला उपयोग झाला नाही. कंपनीने हा सगळा प्रकार स्वतःहून जाहीर लिहून काढला आणि त्यात स्पष्ट म्हटलं की त्या तिघांवर कसलाही ठपका ठेवलेला नाही. आपण माणसं आहोत, चुका होतात, चूक झाली की ती लगेच कळवणं महत्त्वाचं, अशी त्यांची भूमिका होती. त्या दिवशी संशय येऊन कर्मचाऱ्यांनी कळवलं आणि त्यांच्यामुळेच सुरक्षा विभाग कामाला लागला.

हिंजवडी, खराडी, ऐरोली इथे बसून सातासमुद्रापारच्या कंपन्यांच्या यंत्रणा सांभाळणाऱ्या मराठी मुलामुलींना असे नियम ठरवायचा अधिकार बहुतेक वेळा नसतो. नियम क्लायंटचे, लॅपटॉप कंपनीचा, आणि चूक झाली तर नाव मात्र आपलं. म्हणून त्यांच्या मॅनेजरना आणि आयटी प्रमुखांना माझी एक विनंती आहे. पुढच्या सोमवारी तुमच्याकडे नव्याने रुजू होणाऱ्या मुलाच्या शेजारी सकाळी नऊला खुर्ची ओढून बसा. लॅपटॉप सुरू केल्यापासून त्याचं पहिलं खरं काम सुरू होईपर्यंत किती लॉगिन, किती रिक्वेस्ट, किती फोन आणि किती दिवस लागतात ते कागदावर मोजा. तो कुठे थांबतो, कुणाकडे वळून पाहतो आणि कुणाचा पासवर्ड उसना मागतो ते पाहा. त्याला रागावू नका. ज्या जागी तो अडला, त्या जागेची नोंद घ्या आणि ज्याच्या सहीने तो नियम निघू शकतो, त्याच्याकडे ती स्वतः घेऊन जा.

आणि लॅपटॉपसमोर बसलेल्यांना एवढंच सांगणं: आयटीतून बोलतोय म्हणून कुणाचा फोन आला, मग तो कितीही मदतीचा वाटला, तरी आधी ठेवून द्या. कंपनीच्या पानावर हेल्पडेस्कचा नंबर असतो. तो स्वतः लावा.